भेटायच्या व्यक्तीचे नाव

रात्री साडेनऊला ग्रुपवर फोटो पडला. उथळ पाणी, पाण्यात अर्धवट बुडालेला सिमेंटचा पाइप, पाइपावर एक काळा-पांढरा पक्षी आणि तोंडात गाजर धरल्यासारखी त्याची लांब चोच. कोपऱ्यात वेळ छापलेली : सकाळी ८.२०. खाली सत्तावीस अंगठे. अठ्ठाविसावा माझा. ‘सुपर्ब, सर!’ असंही मी लिहिलं. लिहिताना दात किती आवळलेले होते हे फोनला दिसत नाही, ही त्यातल्या त्यात बरी सोय.

कारण आठ वीसला मीही तिथंच होतो. पक्ष्यापासून फार तर चारशे मीटरवर. मध्ये एक बॅरियर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक रजिस्टर, एवढंच काय ते होतं.

पक्ष्याचं नाव कालवफोड्या. कालवं फोडून खातो म्हणून कालवफोड्या, सरळ हिशोब. पश्चिम सैबेरिया, कझाकस्तान अशा बाजूंनी हिवाळ्यात आपल्याकडे येतो आणि अलिबागजवळ अक्षीच्या वाळूवर कुरव आणि सुरयांच्या घोळक्यात मुक्काम करतो. अक्षीला मी त्याच्यासाठी चारदा गेलो. एकदा तो आदल्या दिवशी होता. एकदा दुसऱ्या दिवशी होता. उरलेल्या दोन्ही वेळांना वाळूवर त्या चार चाकांच्या फटफट्या होत्या, त्यांच्यावर ओरडणारी माणसं होती, आणि पक्षी म्हणून एक कावळा होता, तो भज्यांसाठी.

म्हणून शनिवारी जेव्हा ‘उरण. कालवफोड्या १. लोकेशन नेहमीचं’ असा मेसेज आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. समुद्रकाठचा पक्षी आतल्या तळ्यावर आलेला! बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कालवफोड्या आलाय. ती म्हणाली, दार उघडू नकोस.

‘लोकेशन नेहमीचं’ हा पक्षिमित्रांचा सांकेतिक शब्द आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत नाही ते ‘सर, प्लीज लोकेशन?’ असं विचारतात आणि त्यांना कोणी उत्तर देत नाही. मी पाच वर्षं हे विचारत होतो. सहाव्या वर्षी मला कळलं आणि त्या दिवसापासून मीही कोणाला सांगत नाही.

उरणला पाणथळीवर जायचं तर भरतीची वेळ बघून जावं लागतं. ओहोटीला पक्षी लांब खाडीच्या चिखलात चरत असतात, दुर्बिणीतून नुसते तीळ सांडल्यासारखे दिसतात. भरतीने चिखल बुडाला की सगळे आतल्या उथळ तळ्यांवर येऊन एका पायावर उभे राहतात, पाणी उतरेपर्यंत. भरती मोबाइलवर बघता येते, पण मला करंजाच्या एका कोळीदादांनी शिकवलेलं गणित जास्त आवडतं : तिथीची पाऊणपट करायची. रविवारी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. थोडं मागेपुढे. म्हणजे साडेसातला जागेवर पाहिजे, आणि साडेनऊनंतर तिथे उभं राहून काही उपयोग नाही.

अटल सेतूवरून, टोल भरून, सात वीसला मी गेटपाशी होतो. गेल्या वर्षी तिथे गेट नव्हतं.

गार्डमामा साठीला टेकलेले. निळा शर्ट त्यांच्या मापाचा नव्हता, तो आधीच्या गार्डच्या मापाचा असावा. खुर्चीचा एक पाय तारेने बांधलेला, त्यामुळे ते बसताना आधी डावीकडे झुकत आणि मग बेताने सरळ होत. समोर लाकडी खोक्यावर रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. सुतळी इतकी आखूड की सही करायला माणसाने वाकलंच पाहिजे.

“एन्ट्री करा सर.”

मी वाकलो. नाव लिहिलं, गाडी नंबर लिहिला, मोबाइल लिहिला. मग एक रकाना आला : भेटायच्या व्यक्तीचे नाव.

“मामा, मला कोणाला भेटायचं नाहीये. पक्षी बघायचेत.”

“ते झालं काम. काम पुढच्या घरात लिहा. भेटायचं कुणाला?”

“कोणालाच नाही.”

“मग आत कामून चाललात?”

हा प्रश्न इतका बिनतोड होता की मला क्षणभर माझं सगळं आयुष्य आठवलं. वरच्या ओळींवर नजर टाकली, तर ‘पोकलेन’, ‘डिझेल’, ‘टँकर’ अशी भेटायच्या व्यक्तींची नावं होती. म्हटलं, पोकलेनला भेटता येतं तर मी काय पाप केलंय. रकान्यात लिहिलं, ‘कालवफोड्या’.

मामांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि अक्षरावर बोट ठेवून वाचलं. का. ल. व. फोड्या. मग परत एकदा. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“कालवा फोडणारा?”

“कालवा नाही मामा, कालव. शिंपल्यातलं असतं ते.”

“सर, आमच्याकडं कालवा म्हणजे कालवा. जायकवाडीचा डावा कालवा. आमचं रान पार टेलला.” त्यांनी हात लांब करून टेल, म्हणजे कालव्याचं पार शेवटचं टोक दाखवलं, ते गेटच्याही पलीकडे खाडीत गेलं. “कालवा फोडणं ही पोलीस केस आहे बगा. आमच्या गावात चौघांवर झाली. त्यात एक माझा चुलता.”

“नाही, हा पक्षी आहे. चोचीने फोडतो.”

“चुलता कुदळीनं फोडला म्हणायचे. फोडला नव्हता त्यानं. उंदरानं बीळ केलं, बिळातून पाणी गेलं. पन कोर्टात उंदीर कोण उभा करणार?”

त्यानंतर मला त्या खटल्याची सगळी हकिकत ऐकावी लागली. तारखा परभणीला पडायच्या. वकील दर तारखेला एक कोंबडी मागायचा. चुलत्याच्या कोंबड्या संपल्या तेव्हा चुलती म्हणाली, फोडलाच म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. गोष्ट चांगली होती, एरवी मी पुन्हा पुन्हा विचारून ऐकली असती. पण पावणेआठ झाले होते. मामांच्या डोक्यावरून टिलव्यांचा एक थवा आत तळ्याकडे उतरला. टिलवा हा वीस-तीस ग्रॅमचा जीव, आर्क्टिककडून येतो, आणि त्याला कोणी भेटायच्या व्यक्तीचं नाव विचारत नाही.

तेवढ्यात डंपर आला. ‘पों’ केलं. मामा उठले, बॅरियर वर गेला, डंपर आत गेला, धूळ माझ्या दुर्बिणीवर बसली, बॅरियर खाली आला. मागोमाग दुसरा. मग तिसरा. तिन्हींमध्ये बांधकामाचा राडारोडा, वर ताडपत्रीसुद्धा नाही.

“ह्यांची एन्ट्री?”

“ते कामाचे आहेत.”

मग म्हशी आल्या. आठ म्हशी बॅरियरच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून सावकाश आत गेल्या. शेवटच्या म्हशीच्या पाठीवर एक गायबगळा उभा होता. माझ्याकडे बघतच आत गेला.

आता माझा स्वभाव असा आहे की आणीबाणीच्या वेळी मला विनोद सुचतो. त्यामुळे माझी बरीच कामं अडलेली आहेत. मी म्हटलं, “ठीक आहे मामा. ‘कालवफोड्या’ खोडतो. दुसरं नाव लिहितो.” आणि लिहिलं, ‘वारकरी’.

वारकरी हे एका पाणपक्ष्याचं खरंखुरं मराठी नाव आहे. सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा. ज्याने कोणी ते नाव ठेवलं त्याने पक्षी आणि पंढरी दोन्ही नीट बघितलं होतं. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके असलेल्या बदकाला आपल्याकडे हळदी-कुंकू म्हणतात. शेपटी खालीवर करत पाण्याकाठी फिरतो तो धोबी. काड्यांसारख्या गुलाबी पायांचा तो शेकाट्या. चोच वर वळलेला उचाट्या. ही नावं पुस्तकात बसून कोणी पाडलेली नाहीत. कोळ्यांच्या, पारध्यांच्या, गुराख्यांच्या तोंडची आहेत. मारुती चितमपल्लींनी रानोमाळ हिंडून अशी नावं जमा केली नसती तर आज आपण सगळ्यांना ‘बदक टाइप’ म्हणालो असतो. आमच्या ग्रुपवर मात्र मराठी नाव लिहिलं की लगेच ‘सर, आयडी प्लीज’ असा मेसेज येतो.

असो. मामांनी ‘वारकरी’ वाचलं आणि दोन्ही हात जोडले.

“आज एकादशी,” ते म्हणाले.

“हो ना.”

“आधी नाही का सांगायचं सर! किती मंडळी आहेत आत?”

इथे थांबायला हवं होतं. माणसाला आतून एक आवाज येतो, की बास, आता खरं सांग. मलाही आला. पण बॅरियरवरचा त्यांचा हात दिसत होता, आणि आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

“साठ-सत्तर तरी असतील,” मी म्हणालो. खोटं बोललो नाही. त्या तळ्यावर हिवाळ्यात तेवढे असतातच.

मामांचे हात सुटले. चेहरा उतरला. त्यांनी रजिस्टरचं मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं, शनिवार बघितला, शुक्रवार बघितला.

“माझ्या ड्युटीत तर कोण गेलं नाही.”

“अहो मामा, ते उडून...”

पण फोन लागला होता. “साहेब, गेटवरून बोलायलो. साहेब, आत साठ-सत्तर वारकरी घुसलेत. हो साहेब. एन्ट्री नाही. न्हाई, दिंडी दिसेना. मागच्या बांधावरनं आले असतील. हे एक साहेब आलेत त्यांना भेटायला. हो, दुर्बीण आहे त्यांच्याकडं.”

पनवेलच्या बाजूला कुठेतरी एक सुपरवायझर रविवारच्या साखरझोपेत होता. त्याच्या स्वप्नात काय आलं असेल याची मी कल्पना करू शकतो : टाळ-मृदंग, भगव्या पताका, आणि भरावावर अधिग्रहणाविरुद्ध ठिय्या. या भागात जमिनीवरून आंदोलनं होतात, तसा त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. त्याचा आवाज मला फोनमधून बाहेर ऐकू आला. कोणालाही सोडू नको. कोणालाही म्हणजे कोणालाही.

पुढची पंधरा मिनिटं तिथे जे झालं त्याला मी जबाबदार आहे हे मला मान्य आहे. चौथा डंपर आला, ‘पों’ केलं, बॅरियर हलला नाही. पाचवा आला. सहावा आला. ड्रायव्हर खाली उतरले. काय झालं, काय झालं. मामांनी माझ्याकडे बोट केलं. “यांचे वारकरी आत आहेत.” एका ड्रायव्हरने मला नमस्कार केला. दुसऱ्याने दिलेली शिवी आठवली की अजून कान तापतो. मी मोबाइलवर वारकऱ्याचा फोटो काढून सगळ्यांना दाखवत फिरलो : हा बघा, हा वारकरी, हा पक्षी आहे. एक जण म्हणाला, कोंबडी आहे. मामा म्हणाले, कोंबडी असली तरी एन्ट्री पाहिजे.

साडेआठला साहेबांचा परत फोन आला. डंपर सोडा. पों, पों, पों, सगळे गेले. मी राहिलो. “तुमचं साहेब येऊन बगतील म्हणाले.” किती वाजता? “निघाले म्हणाले.” मराठीत ‘निघालो’ म्हणजे अजून आंघोळ व्हायची असते.

मामांनी डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. अर्धी झाकणात काढून माझ्यापुढे केली. मी रागावलेलो होतो, पण खिचडीत दाण्याचं कूट सढळ होतं. खाताना मी त्यांना सांगितलं, की २०२२ साली पंकज जातीच्या एका पक्ष्याच्या पिल्लाने अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३ हजार ५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत कापलं, मध्ये कुठेही न उतरता. त्याचे भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरही येतात.

मामांनी घास थांबवला. “अकरा दिवस? खाल्ल्याबिगर?”

“खाल्ल्याबिगर. पाणीसुद्धा नाही.”

“मग सुट्टी कधी घेतो?”

मामांना स्वतःला महिन्यातून दोन सुट्ट्या होत्या. बारा तासांची ड्युटी, आणि दिवसपाळीचा पोरगा आला नाही की चोवीस. आधी चौकीला पत्रा होता, तो पावसाळ्यात उडाला, तेव्हापासून छत्री. मग मी माझ्या मोबाइलवरचा कालवफोड्याचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून, बराच वेळ बघितला.

“हा नाही आला.”

“मामा, काल आला होता.”

“आला असता तर एन्ट्री असती.”

यावर मी काय बोलणार! उठून बॅरियरपाशी गेलो. तिथून तळ्याचा एक कोपरा दिसतो. दुर्बीण लावली. पाणी अगदी कमी झालंय. पूर्वी भरतीचं पाणी नाल्यातून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत यायचं. त्या नाल्याच्या तोंडाशी आता मातीचा ढीग आहे. ढिगावर गवत उगवलंय, म्हणजे तो कालचा नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, आमच्या हद्दीत नाही. पलीकडे खाडीत ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२ साली त्याला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली, फलक लागले, सेल्फीसाठी पंखांची कमान झाली असली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. पण भरतीला रोहितांनी जायचं कुठे? खाडीत ते चरतात. टेकतात ते असल्या बेवारस तळ्यांवर, ज्यांना नकाशात नाव नाही आणि सातबाऱ्यावर भलतंच नाव आहे. हे मी दहा वर्षं पत्रांतून लिहितोय. पत्रांना पोच येते. पोच फार सुबक छापलेली असते.

सलीम अलींनी १९३० साली इथून जवळच, किहीमला, सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन आत-बाहेर हिंडून तपासते, पसंत पडलं तर राहायला येते, आणि नर लगेच शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे सँपल फ्लॅट या जिल्ह्यात तेव्हापासूनच आहेत. पण महिनोन्‌महिने दुर्बीण घेऊन त्या झाडांपाशी बसलेल्या माणसाला, ‘भेटायचंय कुणाला?’ असं कोणी विचारलं नसणार.

“पाणी येईना गेलंय,” मामा मागून म्हणाले. मला कळलंच नाही ते कधी येऊन उभे राहिले. “मी लागलो तवा इथवर यायचं. आता वरच अडतंय. टेलला कुठून येणार!” मग जरा थांबून म्हणाले, “इथं मात्र कुनावर केस नाही.”

नऊ पस्तीसला पाणी उतरायला लागलं असणार, कारण तळं एकदम उठलं. आधी टिलवे, मग तुताऱ्या, मग शेकाटे लांब पाय मागे सोडून. सगळे आमच्या डोक्यावरून खाडीकडे. शेवटी पाच-सात मोठे पक्षी, भराभर पंख मारत. त्यातल्या एकाच्या काळ्या पंखात पांढरा रुंद पट्टा दिसला. चोच दिसायच्या आत त्याच्यापुढे सूर्य आला. मी दुर्बीण फिरवली तेव्हा सातवा डंपर ‘पों’ करून मध्ये उभा राहिला.

असल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्यावर यादीत टिक करता येत नाही. करणारे असतात. त्यांची नावं मला माहीत आहेत.

आणि रात्रीचा तो फोटो? ज्यांनी काढला त्यांना मी खासगीत विचारलं, सर, गेटवर अडवलं नाही का? ते म्हणाले, कुठलं गेट? मी मागच्या बांधावरून गेलो, लोकेशन नेहमीचं.

नऊ पंचेचाळीसला मी गाडीकडे निघालो तशी मामांनी शिट्टी मारली.

“सर, आउट टाइम!”

“मामा, मी आत गेलोच नाही.”

“पन इन टाइम टाकलाय ना तुमी. सात वीस. हा असाच उघडा ऱ्हायला तर संध्याकाळी साहेब मला विचारतील, माणूस गेला कुठं?”

सुतळी आखूड होती. मी वाकलो. आउट : ९.४५. सही. सहीच्या पुढे एक रकाना होता, तो सकाळी माझ्या लक्षात आला नव्हता : शेरा. मी पेन ठेवणार, तेवढ्यात मामांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला, आणि मोठ्या, गोल, शाळेत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं, ‘वारकरी – भेट झाली नाही.’